आधी नवा, मग जुना

१२ डिसेंबर २०२३, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. शेषराव माझ्या दारात उभे राहिले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "साहेब, आज माह्या घरातले दगड हलवाचे हायेत. दुपारपर्यंत मोकये हा काय तुमी?"

वेळ मी वहीत टिपून ठेवली आहे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे कालव्याच्या पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ लिहिली. निवृत्तीनंतर कालवा सुटला, वही सुटली नाही.

शेषरावांच्या घरात दगड नव्हते. दोन खोल्या, दोन खाटा, एक खुर्ची आणि पुढच्या अंगाला दुकान, एवढाच संसार. तरीही ते काय म्हणत आहेत हे मला तत्काळ कळले. काय पणाला लागले आहे तेही कळले: त्यांच्या थोरल्या भावाचा उजवा डोळा आणि दोघा भावांमधला नऊ वर्षांचा अबोला. वाचकाला ते कळावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. शेषराव आज नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी कोणी त्याची वाट पाहणार नाही. हा लेख त्याविषयी नाही.

शेषराव एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कारंज्यात धान्यबाजारामागच्या गल्लीत, स्वतःच्याच घराच्या पुढच्या अंगाला, शोभेच्या माशांचे दुकान काढले. दुकानाला पाटी नव्हती. आत काचेच्या अकरा टाक्या होत्या आणि खिळ्याला त्यांचा जुना तिकीट-पंच टांगलेला होता. बांधा ठेंगणा. चामडी पिशवी वर्षानुवर्षे वागवल्यामुळे उजवा खांदा जरा खाली उतरलेला. खाकी सदरा त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही; फक्त बिल्ला काढला. गिऱ्हाईक आत आले की ते प्रवाशाला विचारावे तसे विचारीत: कोठी जाचं, किती जन, सामान काय. कोठे म्हणजे टाकी केवढी, किती जण म्हणजे आत आधी कोण राहते, आणि सामान म्हणजे दगड, झाडे, पंप. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्यांच्या हातातली जाळी पाण्याला लागत नसे. एखादी जोडी पटली तर ते हवेत दोरी ओढल्यासारखा हात दोनदा खाली आणीत आणि म्हणत, डबल बेल. पटली नाही तर हात एकदाच खाली येई. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबली. मग त्या दिवशी कितीही विनवण्या केल्या तरी ती हलत नसे.

माझी त्यांच्याशी ओळख अशा एका सिंगल बेलनेच झाली. माझी मुलगी नागपूरला असते. बाबा भिंतीकडे पाहत बसतात, त्यापेक्षा काहीतरी हलणारे पाहावे, या विचाराने तिने मला एक रिकामी काचेची टाकी पाठवली. मी ती मोजली. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे अठ्ठ्याऐंशी लिटर. तो आकडा कागदावर लिहून मी दुकानात गेलो आणि एवढ्या पाण्याला किती मासे बसतील ते विचारले. शेषरावांनी कागद वाचला, घडी करून माझ्या खिशात परत ठेवला आणि विचारले, कोण कोण राहते तिथे. टाकी रिकामी आहे, असे मी सांगितले.

"टाकीत नाही. घरात."

मी एकटा असतो, असे सांगितले. ते म्हणाले, मग गर्दी करू नका. त्या दिवशी त्यांनी मला एकही मासा दिला नाही. पिशवीभर वाळू, पाण्यात वाढणारे एक झाड आणि एक पंप दिला, आणि चार आठवडे नुसते पाणी फिरू द्या, असे सांगून वाटेला लावले. दुसरा कोणी असता तर चिडला असता. मला मात्र हा मनुष्य आवडला. काँक्रीट टाकल्यावर एकवीस दिवस नुसते पाणी मारीत थांबावे लागते, हे ज्याला सांगावे लागत नाही अशी माणसे माझ्या खात्यातही थोडी होती.

चार आठवड्यांनी ते टाकी पाहायला घरी आले. मुलीकडची मंडळी घर पाहायला येतात तसे आले, धुतलेला सदरा घालून. चहा घेतला नाही. टाकीसमोर खुर्ची टाकून अर्धा तास बसले. खिडकीतले ऊन कोठपर्यंत येते ते पाहिले, पाण्यात बोट घालून ते बोट चाखले. तुमचे पाणी बोअरचे आहे, जड आहे, असा निकाल दिला. आधी पाण्याशी जमले पाहिजे, मग एकमेकांशी. पाण्याशी ज्याचे जमत नाही तो दुसऱ्याशी भांडतोच, असे त्यांचे मत होते. म्हणून जड पाण्याला न कुरकुरणारे तेवढे निवडायचे. वरच्या पाण्यात पाच गप्पी ठेवायचे, पण सगळे नर. नर-मादी एकत्र ठेवले तर दिवाळीपर्यंत टाकीत ग्रामपंचायतीची निवडणूक घ्यावी लागेल, असे ते म्हणाले. मधल्या पाण्यात सहा झेब्रा. सहाहून कमी घेतले तर ते भेदरतात. खालच्या पाण्यासाठी मात्र त्यांनी आधी मलाच नीट न्याहाळले. शेवटी म्हणाले, "खाली एक शार्क देतो. नावाचाच शार्क, बोटायेवढा. पन कडक हाये, तुमच्यासारका. असा एकच ठेवाचा असते."

खाली शार्क आला.

वर, मध्ये आणि खाली ही वाटणी त्यांनी एस.टी.तून आणली होती. शेषरावांच्या मते बस आणि टाकी यांत एवढाच फरक की टाकीतले प्रवासी उतरत नाहीत. ते म्हणत, "बसमधी भांडन कायचं असते, साहेब? जागेचं. मानूस वाईट नसते, त्याची सीट वाईट असते." ओकारी होणाऱ्याला खिडकी, पिणाऱ्याला ड्रायव्हरच्या मागचे बाकडे, म्हणजे त्याला वाटावे आपल्यावर लक्ष आहे. गप्पिष्टाला बहिऱ्याशेजारी, दोघेही सुखी. हे सगळे त्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतले नव्हते.

रिठदच्या दोन व्याह्यांची गोष्ट ते वारंवार सांगत. लग्नातल्या मानपानावरून या दोघांचे बिनसले होते आणि गावभर ते ठाऊक होते. रिसोडहून येणारी गाडी रिठदला थांबली तेव्हा दोघेही चढले, आणि गाडीत तिघांचे एकच बाकडे रिकामे होते. सगळ्या गाडीने माना लांब केल्या. शेषरावांनी एकाला खिडकीशी बसवले, दुसऱ्याला कडेला, आणि मध्ये टोपलीत कोंबडी घेतलेल्या एका म्हातारीला. गाडी सुटली. थोड्या वेळाने कोंबडीने खिडकीकडच्या व्याह्याच्या धोतराला चोच मारली, तेव्हा कडेचा व्याही हसला. पुढच्या वळणावर तिने कडेच्याला टोचले, तेव्हा खिडकीकडचा हसला. वाशीम येईपर्यंत दोघे मिळून कोंबडीविरुद्ध कंडक्टरकडे तक्रार करीत होते, आणि एकाचे वाक्य दुसरा पुरे करीत होता. शेषराव म्हणत, "तक्रार एकच असली का मानसं एक होतात. मी कोंबडीले काहून उतरवू?"

हीच युक्ती ते टाक्यांत वापरीत. दोन एंजल मासे एकमेकांवर डूख धरून असले की ते मध्ये सहा-सात झेब्रा सोडीत. झेब्र्यांची सारखी पळापळ चाले. एंजलांना एकमेकांकडे रोखून पाहायला उसंतच मिळत नसे. याला ते 'कोंबडी सोडणे' म्हणत. एखाद्या गिऱ्हाइकाला त्यांनी गंभीरपणे "तुमच्या टाकीले कोंबडी पाह्यजे" असे सांगितले की तो मनुष्य दुकानाबाहेर येऊन पुन्हा एकदा दुकानाकडे पाही.

कापसाचा एक व्यापारी होता. नवा बंगला, दिवाणखान्यात सहा फुटांची टाकी. त्याला सगळ्यांत सुंदर मासे हवे होते, प्रत्येक जातीचा एक: गोल्डफिश, एंजल, फायटर, टायगर बार्ब, जे जे देखणे ते. शेषरावांनी ती मागणी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग एकेक प्रवासी गाडीतून उतरवायला सुरुवात केली. गोल्डफिशला गार पाणी लागते आणि तो घाण फार करतो, त्याची गाडी वेगळी. फायटरला स्वतःची सावलीसुद्धा खपत नाही, तो एकटाच बरा. टायगर बार्ब म्हणजे कॉलेजातली पोरे. दोन-तीन असली तर दुसऱ्याच्या शेपट्या ओढतात. आठ-दहा असली तर आपसातच भांडतात आणि बाकीचे सुखाने राहतात. म्हणून ती एक तर दहा घ्यावीत किंवा घेऊच नयेत, आणि लांब झालरीच्या एंजलबरोबर तर दहाही नकोत. व्यापारी म्हणाला की घर माझे, टाकी माझी, शोभा मला पाहायची आहे. हात एकदाच खाली आला. सिंगल बेल.

व्यापाऱ्याने अमरावतीहून सगळे आणले. सहाव्या दिवशी तो एक पिशवी घेऊन शेषरावांच्या दुकानात आला. पिशवीत एंजल होती आणि तिच्या झालरी दोऱ्यांसारख्या उरल्या होत्या. शेषरावांनी एक शब्दही ऐकवला नाही. कोपऱ्यातली एक टाकी त्यांनी आजाऱ्यांसाठी राखलेली होती. तीत तिला सोडले. महिन्याभराने झालरी फुटल्या. व्यापारी न्यायला आला, तेव्हा शेषरावांनी ती दिली नाही. ती माहेरी आली आहे, म्हणाले. आधी सासरचे वागणे सुधारू द्या. ती अखेरपर्यंत त्याच टाकीत राहिली. व्यापारी येता-जाता दारातून तिची चौकशी करी.

आता माझी चूक. एकदा कामासाठी अकोल्याला गेलो असताना तिथल्या दुकानातून मी एक सकर मासा आणला. काचेवरचे शेवाळ खातो, असे दुकानदाराने सांगितले आणि मला स्वच्छतेचा मोह झाला. टाकीच्या तळाशी एक काळा गोटा होता आणि त्यावर शार्कची मालकी होती. सकर पाण्यात पडताच शार्कने त्याला हाकायला सुरुवात केली. तीन दिवस तो बिचारा पंपामागे उभा होता. चौथ्या दिवशी मी शेषरावांना बोलावले.

आले. टाकीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीत बसले तुमी." एवढेच. मला आठवते त्याप्रमाणे, खात्याच्या वरिष्ठांनी दिलेला एकही ठपका मला इतका लागला नव्हता.

मग त्यांनी जे केले ते मी उभे राहून पाहिले आणि वहीत लिहिले. आधी शार्क आणि सकर दोघांनाही जाळीने बाहेर काढून वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले. मग बाह्या सरसावून टाकीतले सगळे सामान हलवले. काळा गोटा डावीकडून उजवीकडे नेला, झाड मागून पुढे आणले, वाळूचा उतार मोडला. आपले असे म्हणता येईल अशी एकही जागा ठेवली नाही. त्यानंतर सकरला पिशवीत घालून ती पिशवी पाण्यावर पंधरा मिनिटे तरंगत ठेवली, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे व्हावे म्हणून. आधी त्याला सोडले. तो सगळीकडे हिंडून आल्यावर मगच शार्कला सोडले. शार्क आला, गोटा होता तिथे गेला. तिथे गोटा नव्हता. तो थांबला. सकर बाजूने निघून गेला, तरी त्याला हाकावे की नाही हे शार्कला ठरवता येईना.

"आता कोनाचंच घर नाही," शेषराव हात पुसत म्हणाले. "आता दोघंही नवे. आधी नवा, मंग जुना, हे ध्यानात ठेवजा. अन आज टाकीचा दिवा लावाचा नाही. पह्यल्या दिवशी एकमेकाचं तोंड जास्त दिसू नये."

दोघे जमवून राहिले. सकर वीतभर झाला की मी घेऊन जातो, असे शेषराव म्हणाले होते. त्याप्रमाणे नेलाही.

आता भावाविषयी. किसनराव मेडशीला असत. शेषरावांहून सात वर्षांनी मोठे. दोघांची वावरे लागून आणि मध्ये धुरा, म्हणजे मातीचा बांध. एका वर्षी नांगरणीत धुऱ्याची माती इकडची तिकडे झाली. कोणी केली, हे मी विचारले नाही. त्यावरून शब्द गेले आणि नंतर शब्दच बंद झाले. शेषरावांनी एकदा वावराचा नकाशा माझ्याकडे आणला होता. मी हिशेब करून सांगितले की फरक फार तर एका हाताचा आहे. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. तुम्हाला किती दिसतो ते पाहायचे होते. फायटर माशाच्या बरणीसमोर उभे राहून एकदा ते आपणहून म्हणाले, "हा आमचा दादा." आणि बरणीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली.

त्या डिसेंबरात कारंज्यातल्या एका धर्मशाळेत डोळ्यांचे शिबिर भरले आणि किसनरावांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावले की आठ दिवस धूळ लागता कामा नये, आणि तपासणीला यावे लागेल. मेडशीला तूर सोंगून अंगणात पडलेली. घरभर काडीचा भुसा. पुतण्याने शेषरावांना फोन केला. बाबा म्हणतात, डोळा गेला तरी चालेल, पण शेष्याच्या घरात पाहुणा होऊन राहणार नाही. शेषरावांनी त्याला निरोप दिला: सांग, काका घरी नाहीत. हे खोटे होईल, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, खोटे कसे. मी घरी राहणारच नाही.

तर १२ डिसेंबरला सकाळी आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी ते घर हलवायला घेतले. वडिलांच्या वेळची शिसवी खाट मागच्या खोलीत होती, ती पुढे आणली. एक टोक माझ्याकडे होते आणि दुसऱ्या दिवशी माझी कंबरही माझ्याकडे नव्हती. शेषरावांची खाट मागे गेली. देवांचा कोनाडा तेवढा तिथेच ठेवला. कपाट फिरवले, पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात नेला. त्यांच्या पत्नी शांताबाई दारात उभ्या राहून हे सगळे पाहत होत्या. मलाही बाहेर काढणार का, असे त्यांनी विचारले. शेषराव म्हणाले, "तू पानी हायेस. पानी सगळं बदलत नसतात."

"चायीस वर्सं झाले, घोटभर बी बदललं नाही," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन म्हने मासेवाला."

शेवटी खुर्ची उरली. दुकानाच्या आणि घराच्या मधल्या दारात ती असे. तिथून अकराही टाक्या दिसत, आणि त्या खुर्चीवर मी शेषरावांशिवाय दुसरे कोणी बसलेले कधी पाहिले नव्हते. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि काही वेळ उचललीच नाही. मी दुसरीकडे पाहिले. मग ती त्यांनी शिसवी खाटेशेजारी नेऊन ठेवली, अंधाऱ्या बाजूला, डोळ्याला उजेड लागणार नाही अशी. एका पिशवीत स्वतःचे दोन सदरे आणि टॉवेल भरला आणि स्वतःच्या घरातून निघाले. मलाही बरोबर चला म्हणाले. माझे काय काम, असे मी विचारले. कळेल, म्हणाले.

आम्ही बसस्थानकावर जाऊन बसलो. चार वाजता पुतण्या किसनरावांना रिक्षाने घरी सोडणार होता. शेषराव रस्त्याकडे नजर लावून बसले होते. मात्र समोर वाशीमची गाडी लागली तेव्हा त्यांना राहवले नाही. ते उठून गाडीत चढले, एका बाईचे गाठोडे बाकाखाली सरकवले, एका तरुणाला उठवून लेकुरवाळीला खिडकी दिली आणि खाली उतरले. गाडीचा खरा कंडक्टर त्यांच्याकडे पाहतच राहिला. सव्वाचारला पुतण्याचा फोन आला. बाबांना सोडले, बाबा खुर्चीवर बसले, मी मेडशीला निघालो.

शेषराव उठले नाहीत. मी विचारले, कशासाठी थांबलो आहोत.

"पिशवी तरंगू द्या."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. जास्त ठेवली तं आतली हवा संपते."

पंधरा मिनिटे झाली. मी घड्याळ पाहून सांगितले. तरीही ते बसूनच राहिले, पिशवी मांडीवर घट्ट धरून. अशा वेळी काय बोलावे हे मला कधीच साधले नाही. मी हात वर केला, दोरी ओढल्यासारखा दोनदा खाली आणला आणि म्हणालो, डबल बेल. आयुष्यात मी केलेला हा एकमेव विनोद असावा. ते हसले नाहीत, पण उठले.

दार लोटलेले होते. शेषरावांनी स्वतःच्या दाराची कडी वाजवली. आतून जाड आवाज आला, कोण आहे. शेषरावांनी दार ढकलले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत खुर्चीवर किसनराव बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, डोक्याला रुमाल, हातात काठी. त्यांनी उघडा डोळा बारीक करून पाहिले. शांताबाई डोक्यावर पदर घेऊन मागच्या दारात थांबल्या होत्या. किसनरावांनी काठी उचलली असती आणि ते उठून चालू लागले असते, तर त्यांना अडवण्याचा कोणालाही हक्क नव्हता. मी टाक्यांतल्या पंपांचा आवाज मोजीत होतो.

"लय दिवस लावले, शेष्या," ते म्हणाले.

"गाडी लेट होती, दादा."

मग किसनरावांनी काठीने न्हाणीकडे खूण केली आणि घराला उद्देशून म्हणाले, "पाय धुवाले पानी द्या त्याले. बाहीरून आला."

शेषरावांनी आपल्याच घरी, पाहुण्याने धुवावेत तसे पाय धुतले. खाटेच्या कडेला बसले. मला त्यांनी दोघांच्या मधोमध, स्टुलावर बसवले. कशासाठी आणले ते मला तेव्हा कळले. पण उठायला उशीर झाला होता.

हे कोण, असे किसनरावांनी विचारले. पाटबंधाऱ्याचे साहेब आहेत, असे शेषरावांनी सांगितले. किसनरावांची मान माझ्याकडे वळली. मेडशीच्या शिवारात पाटाचे पाणी कसे कधी आलेच नाही, हे त्यांनी मला ऐकवले. मी म्हणालो, तो भाग माझ्याकडे नव्हता. शेषराव म्हणाले की हे नेहमी असेच सांगतात. किसनराव म्हणाले, सगळे साहेब असेच सांगतात. मग कालव्याची गळती निघाली, मोजणीच्या पट्ट्या निघाल्या, एका साली आखणी होऊनही न खोदलेली चारी निघाली. एक भाऊ सुरुवात करी आणि दुसरा वाक्य पुरे करी. पाऊण तास मी टोचून घेतले. खात्याच्या बाजूने बोलण्यासारखे माझ्याजवळ बरेच होते. मी ते बोललो नाही.

उठलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. गल्लीत घरोघर दिवे लागत होते. शांताबाईंनी सवयीने पुढच्या खोलीतले बटण दाबले. मी उंबऱ्यावर चपला घालीत होतो. शेषराव खाटेवरून उठले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो दिवा त्यांनी बंद केला.